अमेरिकेतले पायोनियर आणि आपला ऑनलाइन धंदा

इंदूरकर_७७: मुलगा नोकरी सोडून एआयचं काहीतरी सुरू करतोय, म्हणतो बाबा ही नवी फ्रंटियर आहे, म्हणजे नवा मोकळा मुलूख, १८४९ मध्ये लोक सोन्यासाठी कॅलिफोर्नियाला धावले तसा. त्या पायोनियर लोकांकडून, म्हणजे तिथे आधी जाऊन वसणाऱ्यांकडून, खरंच शिकण्यासारखं काही आहे का?

सराफ्यातला_खवय्या: आहे ना काका, सॅम ब्रॅनन नावाचा दुकानदार बघा. कॅलिफोर्नियात सोनं सापडल्यावर त्याने आधी फावडी-घमेली गोळा केली, मग सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यात सोनं सोनं ओरडत फिरला, आणि पैसा झाला तो दुकानात, खाणीत नाही. मुलाला विचारा तो सोनं खणतोय की फावडी विकतोय.

माळवी_माई: मला तर डॉनर पार्टी आठवते, बैलगाड्यांनी कॅलिफोर्नियाला निघालेला जथा. १८४६ मध्ये कोणीतरी शॉर्टकट सुचवला म्हणून नेहमीची वाट सोडली, उशीर झाला, सिएरा नेवाडाच्या बर्फात अडकले आणि ८७ पैकी जवळजवळ निम्मे गेले. आणि शॉर्टकट सुचवला तेव्हा सुचवणारा स्वतः कधी बैलगाड्या घेऊन त्या वाटेने गेलाच नव्हता!! आजकालचे कोर्स विकणारे असेच.

इंदूरकर_७७: बापरे, त्याने पण असलाच एक कोर्स घेतलाय, १८ हजारांचा 😐

राजवाडा_कट्टा: पण पायोनियर जिथे वसले ती जमीन रिकामी नव्हती हो. १८६२ च्या होमस्टेड कायद्यात सरकारकडून १६० एकर जमीन मिळायची, ५ वर्षं राहून कसायची अट, पण तिथे आधीपासून मूळ रहिवासी होतेच की. आता एआयवाले दुसऱ्यांचं लेखन, चित्रं न विचारता उचलतात ते वेगळं काय? बाकी आपले पूर्वज पण होळकरांच्या मागे माळव्यात आलेच, म्हणून जास्त बोलत नाही 😄