आधी जखम धुवा, मग स्प्रे मारा
स्प्रे-ड्रेसिंग, म्हणजे जखमेवर फवारलं की वाळून पातळ थर धरणारा स्प्रे, जवळ असलं की ट्रेकला बँडेज नको, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. रतनगडाच्या शिड्यांखाली मित्राचा गुडघा फुटला. रक्त वाहत असतानाच आम्ही स्प्रे मारला, तर थर ओघळून मोज्यात गेला आणि मुरमाची बारीक खडी जखमेत तशीच. मग बाटलीच्या झाकणाला भोक पाडून धारेनं जखम धुतली, स्वच्छ रुमाल 10 मिनिटं न उचलता दाबून धरला, कातडी कोरडी केली, तेव्हा कुठे थर बसला. वरवरच्या खरचटण्याला स्प्रे चांगलाच. खोल जखमेवर किंवा कुत्रा-माकड चावल्यावर मात्र अजिबात मारू नका. चावा साबण-पाण्यानं 15 मिनिटं धुवा आणि थेट दवाखाना गाठा. आणि हो, बरेच स्प्रे पेट घेतात, चुलीजवळ नकोच.