मदत हवी आहे: माणूस बसलेलं यान गुपचूप उडवता येतं का?

मंडळी, भाच्याशी पैज लागली आहे. तो म्हणतो, १२ एप्रिल १९६१ ला गागारिन अंतराळात गेला त्याआधीही सोव्हिएतांनी माणसं पाठवली. ती मेली आणि सगळं दडपलं. अंतराळवीर होण्याचं प्रशिक्षण घेणाऱ्या बोंदारेन्कोचा दाखला देतो. त्याचा मृत्यू १९८६ पर्यंत लपवला होता हे खरं, पण तो जमिनीवरच्या सरावात आगीने भाजून गेला!

उलट १९६६ मध्ये इंग्लंडातल्या केटरिंगच्या शाळेतल्या मास्तर-पोरांनी सोव्हिएत उपग्रहांचे रेडिओ संकेत ऐकून त्यांचा प्लेसेत्स्कचा गुप्त रॉकेट-तळ हुडकला. आज तर रॉकेटची धग टिपणारे उपग्रहच आहेत.

माझी गाडी एका ठिकाणी अडते. १९६१ च्या आधी यान कक्षेत पोचण्याआधीच कोसळलं असतं, तर बाहेर पत्ता लागला असता का? रडारमधलं कळणारं कुणी आहे का इथे? पैजेत मिसळपाव आहे.