हाइड पार्कातली काडतुसं: हा सैनिकाचा सन्मान म्हणायचा का?

सिडनीकर_जोशी
सिडनीच्या हाइड पार्कात, ॲन्झॅक (ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या सैनिकांच्या) स्मारकाच्या जवळ, २०१५ साली ॲबोरिजिनल, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी, सैनिकांच्या आठवणीत एक शिल्प उभं राहिलं. सात मीटर उंचीची चार काडतुसं उभी आणि तीन रिकाम्या पुंगळ्या आडव्या पडलेल्या. शिल्पकार टोनी अल्बर्ट हा ॲबोरिजिनल. त्याचे आजोबा एडी अल्बर्ट दुसऱ्या महायुद्धात युद्धकैदी झाले होते. सात जण छावणीतून पळाले, पकडले गेले. तिघांना गोळ्या घातल्या, चौघे वाचले. त्या चौघांत आजोबा होते.

कथा जबरदस्त आहे, पण शिल्प मला पटत नाही. ज्यांच्याकडे देशाने कधी धड पाहिलंच नाही, त्यांच्या स्मारकातही चेहरा नाही, हत्यार आहे! त्यापेक्षा कॅनबेराच्या युद्धस्मारकाच्या संग्रहातलं रेज सॉन्डर्सचं व्यक्तिचित्र बघा. १९४४ साली अधिकारी झालेला हा पहिला ॲबोरिजिनल सैनिक. क्रीट बेटावर जर्मनांना चुकवत जवळजवळ वर्षभर लपून राहिला. १९५१ साली कोरियात कापयाँगच्या लढाईत एक अख्खी कंपनी त्याच्या हाताखाली होती. चित्र पाहून 'हा कोण' असं तरी विचारावंसं वाटतं. काडतुसांपुढे लोक सेल्फी काढून निघून जातात.

मृदुला_क
अजिबात सहमत नाही. पुतळ्यांचं काय होतं ते आपल्याला कोणी शिकवायला नको. जयंतीला हार, वर्षभर कबुतरं.
आणि चेहरा लावणार कोणाचा? पहिल्या महायुद्धात हजारावर आदिवासी लढले, तेही भरतीचे नियम त्यांच्या विरोधात असताना. काहींनी आपण माओरी किंवा भारतीय आहोत असं सांगून गणवेश मिळवला. ओळख लपवून लढलेल्यांचा चेहरा तुम्ही आणणार कुठून?

खवचट_काका
दोघंही कलेवर भांडताय, मुद्दा जमिनीचा आहे. व्हिक्टोरिया राज्यातले ॲबोरिजिनल लव्हेट बंधू घ्या. पाच भाऊ पहिल्या महायुद्धात गेले, पाचही परतले, त्यातले चौघे दुसऱ्या महायुद्धातही भरती झाले. परतलेल्या सैनिकांना सरकार शेतजमीन देत होतं, म्हणून हर्बर्ट लव्हेटनेही अर्ज केला. नाकारला. लेक काँडाहची जमीन, म्हणजे त्याच्याच लोकांची, तुकडे पाडून गोऱ्या सैनिकांना वाटली. पुढे २००० साली कॅनबेरातल्या एका सरकारी कचेरीच्या इमारतीला 'लव्हेट टॉवर' नाव दिलं. शिल्पं, चित्रं, टॉवर, सगळं स्वस्तात पडतं हो.

सिडनीकर_जोशी
काका, जमीन शिल्पकाराने कुठून द्यायची? तो हिशोब सरकारकडे मागा. शिल्प नसतं तर जमीन मिळाली असती का?

खवचट_काका
नसती मिळाली. पण फीत कापायला सरकारही आलं नसतं. वर्षातून एकदा गळा भरून येण्याची सोय झाली आहे, एवढंच म्हणतोय.

अनिकेत_सातारा
थोडं अवांतर. ऑस्ट्रेलियाने आदिवासींसाठी भरतीचा नियम सैल केला तो मे १९१७ मध्ये, तोही आई-वडिलांपैकी एक जण युरोपीय वंशाचा असेल तरच. कारण? माणसं कमी पडू लागली होती. इंग्रजांनी आपल्याकडे महारांची भरती १८९० च्या दशकात बंद केली होती. १९१७ मध्येच १११ वी महार पलटण उभी केली आणि १९२१ मध्ये मोडली. गरज सरो, वैद्य मरो. त्यामुळे काकांचा राग समजतो, पण कोरेगावचा स्तंभ आहे म्हणून निदान नावं तरी राहिली. स्वस्त म्हणून त्याला मोडीत काढू नका.

मृदुला_क
हेच! आणि जोशी, कॅनबेरातच डॅनियल बॉइडचं २०१९ चं काम पाहिलंत का? 'फॉर अवर कंट्री'. पुतळा नाही, काडतूसही नाही. ठिपक्याठिपक्यांची आरशाची भिंत आहे. समोर उभं राहिलं की आपणच दिसतो. चेहरा हवा होता ना तुम्हाला?

सिडनीकर_जोशी
हवा होता, पण माझा नव्हे. आरशात मीच दिसणार असेन, तर सॉन्डर्स कुठे गेला?