माहोनिया बर्बेरिसमध्ये घालायची का?

डोंगरखुणा: निलगिरीच्या शोलांच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या खुज्या रानांच्या कडेला पिवळ्या फुलांची दोन झुडपं भेटतात. एकाची पानं साधी नि फांदीवर तीनफाटी काटे, ते बर्बेरिस टिंक्टोरिया. दुसऱ्याची पानं संयुक्त, म्हणजे एका देठावर अनेक पर्णिका, कडा टोचऱ्या, पण फांदीला काटा नाही. ते माहोनिया. काही अभ्यासक म्हणतात माहोनिया ही प्रजातीच (जीनस, म्हणजे अनेक जातींचा गट) मोडा, सगळं बर्बेरिसच. अहो, शेंबडं पोरही यांतला फरक सांगेल!

भिंगवाला: शेंबडं पोर पानंच बघणार. फुलात पुंकेसराच्या बुडाला आतून काडी लावून बघा. दोन्ही झुडपांत तो झटक्यात आत वळतो. बर्बेरिसच्या ‘साध्या’ पानाच्या बुडाशी सांधा असतो, म्हणजे ते संयुक्त पानच, एकच पर्णिका उरलेलं. काटे तर रूपांतरित पानंच. लाकूड दोघांचं पिवळं, संकरही होतो. आणि वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअसने दिलेलं बर्बेरिस हे नाव १७५३चं, नटॉलने दिलेलं माहोनिया १८१८चं. एकत्र केल्यावर नियमाने जुनं नावच टिकणार.

डोंगरखुणा: संकर होतो म्हणून प्रजाती एक? हा न्याय ऑर्किडना लावून बघा, किती प्रजाती उरतात ते! शिवाय २०१७ साली तैवानच्या यू आणि चुंग यांनी डीएनएवरून माहोनिया वेगळीच ठेवली.

भिंगवाला: ठेवली, पण कशाच्या बदल्यात तेही सांगा की. नैर्ऋत्य अमेरिका नि मेक्सिकोतल्या कोरड्या भागातल्या काही जाती त्यांच्या माहोनियात बसेनात, म्हणून ॲलोबर्बेरिस ही नवी प्रजाती काढली. बाहा कॅलिफोर्नियातल्या एकुलत्या एका जातीसाठी मोरानोथॅम्नस. या सगळ्यांची पानं संयुक्त! म्हणजे तुमची पानावरची ओळख त्यांनीच निकालात काढली.

डोंगरखुणा: भारतात फिरणाऱ्याला बाहाशी काय देणंघेणं? इथे ती ओळख चोख चालते.

काढेवाले: मध्येच बोलतो. दारुहळद म्हणून आयुर्वेदाच्या औषधीकोशात बर्बेरिस ॲरिस्टॅटा आहे, पण दक्षिणेत त्याच नावाने कोसिनियम फेनेस्ट्रेटम विकतात. ती गुळवेलीच्या कुळातली वेल. तिच्यातही बर्बेरिससारखंच बर्बेरीन हे पिवळं द्रव्य, तीही पिवळीधमक. तेव्हा रंगावरून सोयरीक जुळवू नका.

भिंगवाला: रंग सोडा, सांधा आणि पुंकेसर आहेतच. उत्तर अमेरिकेच्या फ्लोरामध्ये, म्हणजे तिथल्या वनस्पतींच्या कोशात, १९९७पासून सगळं बर्बेरिसच आहे.

डोंगरखुणा: आणि चीनच्या फ्लोरामध्ये माहोनिया वेगळी. त्यांच्याकडे दोन्हींच्या ढिगाने जाती आहेत, ते रोज बघतात. मी त्यांचं ऐकणार.