तोंडी वाटणी आणि विहिरीची पाळी
भाऊ समजूतदार असतील तर जमिनीची तोंडी वाटणी पुरते, असं म्हणतात ते पीककर्जाला बँकेत जाईपर्यंतच खरं. सामाईक सातबारा असला की सगळ्या हिस्सेदारांची संमती आणा म्हणतात. सगळे राजी असतील तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडे अर्ज करून वाटप होतं. बहिणींच्याही सह्या लागतात. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत त्यांचा हक्क भावाइतकाच, साडीचोळीवर भागत नाही.

वाटणीच्या बोलण्यात विहिरीचा विषय मात्र सहसा कुणी काढतच नाही. आमच्याकडे रान पटकन वाटलं गेलं, वाजलं ते मोटारीच्या पाळीवरून आणि आजोबांच्या नावावरच्या वीजबिलावरून. शेवटी दिवसाची लाइन कुणाला, रात्रीची कुणाला, पाइप कुणाच्या बांधातून, खालच्या तुकड्याला ट्रॅक्टर कुठून, सगळं लिहून घेतलं. सामाईक विहिरीतला हिस्सा सातबाऱ्यावरही चढवून घ्या.