तोकव्हिल नेमका कुणासाठी लिहीत होता?

अमेरिकेतल्या लोकशाहीवर पुस्तक लिहिणारा फ्रेंच लेखक तोकव्हिल निःपक्षपाती होता, बाहेरचा होता म्हणून त्याला अमेरिका स्वच्छ दिसली, असं कुणीतरी म्हणालंय. मला हे अर्धंच पटतं. अहो, तो १८३१ला गेला तो कागदोपत्री तुरुंग बघायला, सोबत मित्र बोमों, आणि घरची परिस्थिती अशी की फ्रेंच राज्यक्रांतीत पणजोबा गिलोटिनवर गेलेले, आईवडील तुरुंगात राहून आलेले, त्यात १८३०च्या क्रांतीनंतर नव्या राजाची शपथ नाइलाजाने घेतलेली, मग काही महिने पॅरिसपासून लांब राहायला तुरुंगांचा अभ्यास हे चांगलं निमित्तच झालं ना. पुस्तकही फ्रेंच वाचकासाठी, लोकशाही येणारच आहे तर डोकी न उडवता कशी येईल, हा प्रश्न फ्रान्सचा होता.

आपल्याकडचं उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई. १८८६ला आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला फिलाडेल्फियाला गेल्या आणि जवळजवळ ३ वर्षं तिकडेच. १८८७ला इंग्रजीत लिहिलं ते उच्चवर्णीय हिंदू बाईच्या हालांवर, कारण वाचणार अमेरिकन आणि विधवांच्या शाळेसाठी पैसेही तेच देणार. परत आल्यावर १८८९ला मराठीत लिहिलं ते मात्र युनायटेड स्टेट्सच्या लोकस्थितीवर, तिथल्या बायका शिकतात, संस्था चालवतात वगैरे. बाई तीच, पण तिकडच्यांना इकडचं दुखणं सांगितलं आणि इकडच्यांना तिकडची उमेद दाखवली. आता यातलं निःपक्षपाती कुठलं म्हणायचं? मला तर दोन्ही आवडतात, मराठी जरा जास्तच.