शिरोलंब छेदतात, पण भलत्याच बिंदूत

क (२, ४), ख (−३, −१), ग (−३, ७) या त्रिकोणाचा शिरोलंबसंपात काढायचा आहे, म्हणजे शिरोबिंदूंतून समोरच्या बाजूंवर काढलेले लंब (शिरोलंब) जिथे मिळतात तो बिंदू. बाजू कग चा चढ (य मधला फरक भागिले क्ष मधला फरक) −३/५ आला, म्हणून ख मधून जाणाऱ्या शिरोलंबाचा चढ ३/५ घेतला: ३क्ष − ५य + ४ = ०. ग मधला शिरोलंब क्ष + य = ४. दोन्ही (२, २) मध्ये छेदतात, पुस्तकात मात्र (०, ४) आहे. खग चा चढ काढताना छेदात शून्य येतं, म्हणून तो शिरोलंब सोडला. कुठे चुकतंय?

तिरकी रेघ
चिन्ह बदललंत, अपूर्णांक उलटा करायचा राहिला. लंब रेषांच्या चढांचा गुणाकार −१ यायला हवा, तुमचा −९/२५ येतो. चढ ५/३ घ्या: य + १ = (५/३)(क्ष + ३), म्हणजे ५क्ष − ३य + १२ = ०. ग चा शिरोलंब बरोबर आला तो योगायोगाने. कख चा चढ १, तो उलटा केला तरी १च, त्यामुळे तिथे चूक लपली.

आणि खग उभी रेषा आहे, क्ष = −३. तिला लंब म्हणजे आडवी रेषा, क मधून य = ४. सगळ्यात सोपा शिरोलंब तोच, आणि तुम्ही नेमका तोच सोडलात! (२, २) तिथे ठेवून पाहिला असता तर चूक लगेच कळली असती.

शून्य छेद
मी तर चढ काढतच नाही. कग चं समीकरण ३क्ष + ५य − २६ = ०. सहगुणकांची अदलाबदल करून एकाचं चिन्ह बदला: ५क्ष − ३य + म = ०. ख चे निर्देशक घातले की −१५ + ३ + म = ०, म = १२. उभ्या रेषेलाही हेच चालतं, शून्याने भागण्याची वेळच येत नाही. फक्त दोन्ही चिन्हं बदलू नका, मग लंब मिळत नाही.

प्रश्नकर्ता
जमलं, तिन्ही (०, ४) मधून जातात. कग च्या लंबदुभाजकाचा चढही ५/३च ना?

तिरकी रेघ
हो, पण तो ख मधून नाही, कग च्या मध्यबिंदूतून (−१/२, ११/२) जातो. म्हणून ५क्ष − ३य + १९ = ०, फरक फक्त स्थिरपदाचा. आलेखावर पडताळणार असाल तर दोन्ही अक्षांवर प्रमाण सारखं ठेवा. एकावर १ सेमी = १ आणि दुसऱ्यावर १ सेमी = २ घेतलं, तर अचूक समीकरणांच्या या रेषाही काटकोनात दिसणार नाहीत.